माझ्याच केसांचं गंगावन

माझे केस खांद्याला टेकले की थांबायचे. पुढे यायचेच नाहीत. खांद्यावर कुणी टोलनाका बसवावा तसे वर्षानुवर्षं तिथेच अडून होते. मी जळगावला एका शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी नव्या वर्गातली एखादी चौकस मुलगी विचारायची, “मॅडम, तुम्ही केस कुठे कापता?” मी केस कापतच नव्हते. पण न कापता ते एवढेच राहतात हे पोरीला सांगायची लाज वाटायची, म्हणून मी तोंडाला येईल त्या पार्लरचं नाव ठोकून द्यायचे.

जन्मतः माझे केस कुरळे. जाहिरातीत दाखवतात तसे मऊ लाटांचे नव्हेत. धुळ्याला माझ्या माहेरी सगळ्या बायकांचे होते तसे, दाट, राठ, काळेभोर आणि कंगव्याशी उभा दावा मांडलेले. शाळेत मला ‘चिमणीचं घरटं’ म्हणायचे. लग्न होऊन जळगावला आले, नोकरी लागली आणि स्वतःच्या पगारातून मी पहिली वस्तू आणली ती केस प्रेस करायचं मशीन. बायका पहिल्या पगारात साडी घेतात, नाहीतर कानातलं घेतात. मी रोजचा चटका विकत घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी, आणि सुट्टीच्या दिवशीही, बेसिनवरच्या आरशासमोर हा विधी चालायचा. जळगावात एप्रिल-मे महिन्यात घराबाहेर पाऊल टाकलं की ऊनच फुकटात इस्त्री करून देतं. इथला केळीवाला शेतकरी बागेला झळ लागू नये म्हणून कडेने शेवरी लावतो, हिरवी जाळी बांधतो. आणि मी, चांगली शिकलीसवरलेली बाई, बटा उडतात म्हणून पंखा बंद करून, घामाच्या धारा पुसत, एकेक बट दोन तापलेल्या पट्ट्यांत धरून खाली ओढायची. केस जरा दमट असले की चर्र आवाज यायचा आणि वाफ निघायची. त्या वाफेवरून मी इतकी वर्षं एवढंच ताडलं होतं की मशीन चांगलं तापलंय.

माझ्या सासूबाई असोद्याच्या. केळी-कापसाचं घर, हाताने काम करणारी बाई. त्या आमच्याकडे आल्या की सकाळी दाराशी उभ्या राहून माझा हा विधी शेवटपर्यंत पाहायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. मला वाटायचं कौतुक असेल. एकदा मी शाळेतून घरी आले तर घरभर जिऱ्या-लसणाचा खमंग वास. सासूबाईंनी माझ्या मशीनमध्ये बिबडा भाजला होता. बिबडा म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. मशीनची पट्टी अरुंद, म्हणून त्यांनी त्याचे नीट तुकडे करून घेतले होते.

“मले वाटलं, पापड भाजाचा चिमटा हाये,” त्या म्हणाल्या. “गॅस पेटवा लागत नाही. चांगलं हाये.”

मी ओरडले. केसांचं मशीन आहे ते, त्यात खायची वस्तू भाजतात का, वगैरे. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं आणि विचारलं, “केसं भाजले तं चालते, अन् बिबडा भाजला तं नाही चालत?”

मी मशीन ओढून घेतलं आणि अबोला धरला. पुढे बरेच दिवस माझ्या केसांना लसणाचा वास येत होता आणि स्टाफरूममधल्या बायका मला डब्यात आज काय आणलंय ते विचारत होत्या.

केस वाढत नाहीत अशी तक्रार केली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणालं माका, कुणी जास्वंद, कुणी भिजवलेली मेथी. एकीने कांद्याचा रस सांगितला. तो मी इतक्या निष्ठेने लावला की स्टाफरूममध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. लोह कमी असेल म्हणून गूळ-शेंगदाणे खाल्ले, त्याने वाढले ते फक्त वजन. हे सगळे उपाय मुळांचे. मुळांना तेल, मुळांना लेप, मुळांना मालिश. मुळांचं काही दुखतही नव्हतं बिचाऱ्यांचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी सातवीच्या पोरांकडून अर्थासकट पाठ करून घ्यायचे आणि घरी येऊन मुळांना तेल चोळायचे.

या दुःखात मला एकच सोबतीण होती, माझी वहिनी. थोरल्या भावाची बायको, धुळ्याला आईबरोबर राहते. तिचे केस मुळात बऱ्यापैकी सरळ, पण सरळ केस आणखी सरळ करायची तिला हौस. तिचेही खांद्यापाशीच अडलेले. आम्ही फोनवर एकमेकींचं सांत्वन करायचो.

“ताई, हे सगळं पाण्याचं आहे,” ती म्हणायची. “बोअरच्या पाण्याने वाढच खुंटते.”

“हो ना गं वहिनी, पाणीच खराब,” मी म्हणायचे. जळगावचं पाणी वेगळं, धुळ्याचं वेगळं, आणि केस मात्र दोघींचे एकाच मापाचे. पण हा हिशेब आम्ही दोघीही करत नव्हतो. फोन ठेवला की दोघीही मशीन तापत ठेवायचो.

असं छान चाललं होतं, तेवढ्यात माझ्या भाच्याचं, म्हणजे वहिनीच्या मुलाचं लग्न ठरलं. साखरपुड्याला आम्ही धुळ्याला गेलो. जेवणं झाली, पाहुणे पांगले, घरचेच तेवढे उरले तेव्हा आईने आपली जुनी डबी उघडली आणि अंबाड्यात खोचायचं सोन्याचं फूल तळहातावर धरलं.

हे फूल मला जन्मापासून ठाऊक. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं, पाकळ्यांचं, मागे बोटभर लांबीचा चांदीचा काटा. काटा अंबाड्यात रुतवायचा आणि फूल ताठ उभं राहायला हवं. मान वळवली तरी लवायला नको. त्यासाठी अंबाडा भरगच्च लागतो. माझ्या आईने ऐंशी पार केलीय, तरी तिचा अंबाडा अजून मुठीत मावत नाही. ती आयुष्यभर केसांना खोबरेल तेल आणि कंगवा यांखेरीज काही न दाखवलेली बाई. लहानपणी लग्नकार्याला निघताना ती अंबाडा घालायची तेव्हा फूल मला धरायला द्यायची आणि तिच्या अहिराणीत म्हणायची, “नीट धर. तुनाच डोकामा जानं शे ते.” माझ्या आईने मला कधी ‘छान दिसतेस’ म्हटलेलं नाही, परीक्षेत पहिली आले तरी पाठ थोपटलेली नाही. कौतुक म्हणून तिने मला आजवर जे काही दिलं ते ‘तुझ्याच डोक्यात जायचंय’ एवढं एक वाक्य. ते मी जपून ठेवलं होतं.

आता ती त्या फुलाकडे पाहत म्हणाली, “लगीनमा जिना आंबाडामा हाई फूल उभं ऱ्हाई, तिनं.”

ज्या बाईच्या अंबाड्यात उभं राहील, तिचं. सगळे हसले. भाऊ म्हणाला, वा, स्वयंवरच आहे की. मी आणि वहिनीने एकमेकींच्या डोक्याकडे पाहिलं. अंबाडा सोडा, आमच्या दोघींचे केस एकत्र बांधले असते तरी लिंबाएवढी गाठ झाली नसती. आई म्हातारपणी मला दिलेलं ते वाक्य विसरली असेल असंही मला एकदा वाटलं. पण तिने डबी बंद करताना माझ्याकडे जी एक नजर टाकली, ती विसरलेल्या बाईची नव्हती. मला ते फूल हवं होतं. सोन्याचा भाव मला ठाऊक नव्हता आणि विचारायचाही नव्हता. माझ्याच डोक्यात जायचं होतं ते, आणि ते वहिनीच्या डोक्यात गेलेलं मला पाहवलं नसतं. हे बोलायला बरं नाही, पण होतं तसं सांगते.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं होतं. म्हणजे हातात उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी. आमच्या फोनवरच्या गप्पा एकदम प्रेमळ झाल्या. वहिनी काय लावते ते मी आडून विचारायचे आणि मी काय खाते ते ती आडून विचारायची. ‘मी तर बाई काहीच करत नाही’ असं दोघीही म्हणायचो. मी तेव्हा रोज सकाळी अनशेपोटी कढीपत्ता चावत होते.

आणि मग एका रविवारी मी आरशासमोर बसले होते, हातात काळ्या मेंदीची वाटी आणि ब्रश. मेंदी मी नेहमी मुळांशीच लावते, कारण पांढरं तिथेच दिसतं. भांग पाडून पाहिलं. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा पांढरा पट्टा. वैतागून म्हटलं, आत्ताच तर लावली होती, एवढ्यात वर आले? मेले किती भराभर वाढतात!

ब्रश हातातच राहिला. वाढतात?

ज्या डोक्यावर वर्षानुवर्षं काही वाढत नाही म्हणून मी कांदे किसत होते, त्याच डोक्यावर महिना भरायच्या आत पांढरा पट्टा उगवत होता, आणि तो काळा करण्यात माझे निम्मे रविवार जात होते. एकाच तोंडाने मी म्हणत होते केस वाढत नाहीत, आणि त्याच तोंडाने म्हणत होते मेले किती वाढतात. आणि व्याकरण मी शिकवते.

केस वाढत होते तर मग जात कुठे होते? मी उठून बेसिनपाशी गेले. पांढऱ्या बेसिनमध्ये सकाळच्या विधीचे अवशेष पडले होते, बारीक बारीक काळे तुकडे, पोथीतल्या दंडांसारखे. रोज ते मी पाण्याने लोटून द्यायचे. मुळापासून गळलेला केस लांब असतो, त्याच्या टोकाला पांढरं बी असतं. यांना बी नव्हतं. हे गळलेले नव्हते, खालून मोडलेले होते. वरून मुळं इमानाने महिन्याला अर्धं पेर द्यायची आणि खालून माझं मशीन तेवढंच मोडून घ्यायचं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. त्या कुत्र्याला रोज सकाळी मीच प्लगमध्ये लावत होते.

हे मी वहिनीला सांगितलं नाही. फूल एकच होतं.

मशीन मी कपाटाच्या वरच्या खणात टाकलं आणि कुलूप लावल्यासारखा चेहरा करून शाळेत गेले. पहिल्या दिवशी तिघींनी विचारलं, बरं नाही का. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, घरी काही अडचण असेल तर रजा घ्या. नवरा माझ्याकडे पाहून म्हणाला, “तू अशी दिसायचीस, मी विसरलोच होतो.” हे चांगलं की वाईट हे त्यालाही कळलं नसावं, कारण तो लगेच अंघोळीला गेला. खरं सांगायचं तर मी भयंकर दिसत होते. नवे केस मुळाशी कुरळे आणि खालचे भाजके केस झाडूच्या काड्यांसारखे सरळ. डोक्यावर दोन मजले, आणि वरचा मजला खालच्याला ओळख देत नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या खालच्या केसांचा पीळ कायमचा गेला होता आणि जळका सुंभ तेवढा उरला होता.

मधेच धुळ्याला गेले तेव्हा आईने माझ्या डोक्याकडे पाहून एवढंच विचारलं, “केस शेतस का झाडूना काड्या?” पण ते विचारताना तिने हात लावून पाहिलं. किती वर्षांनी. मी मशीन फिरवायला लागल्यापासून माझ्या केसांना कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. प्रेस केलेत, बोटं उमटतात, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिला तर दोनदा झिडकारलंही होतं.

दिवाळी आली. केस खांद्याचा नाका ओलांडून चांगले चार बोटं खाली उतरले होते. माझ्या दृष्टीने हा इतिहासच होता. पण अंबाडा घालून पाहिला तर तो सुपारीएवढा. त्यात फुलाचा काटा घातला असता तर पलीकडून मानेत रुतला असता. मुळं इमानदार खरी, पण घाई करणाऱ्यातली नाहीत. त्यांना लग्नाची तारीख कळवून उपयोग नव्हता.

तेव्हा मला गंगावन आठवलं. वेणी लांब आणि जाड दिसावी म्हणून तिच्यात गुंफायचा तोडलेल्या केसांचा झुपका, त्याला आपल्याकडे गंगावन म्हणतात. धुळ्याला कॉलेजात असताना मी कमरेपर्यंतची वेणी एका फटक्यात कापून आले होते, कारण तेव्हा सगळ्या पोरी स्टेप कट करत होत्या. वेणी पिशवीत घालून घरी आणली.  आईने ती वेणी धुतली, वाळवली आणि एका बाईकडून तिचं गंगावन बांधून घेतलं. तिला स्वतःला त्याची गरज नव्हती. तसंच ते डबीशेजारी कापडात गुंडाळून ठेवलेलं असायचं.

मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. अंबाड्यात फूल उभं राहिलं पाहिजे, एवढीच अट. अंबाड्यातले केस सध्या डोक्यावर उगवलेलेच हवेत असं आईने म्हटलं नव्हतं. शिवाय हे केस परके कुठे होते? माझेच की. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीत, मी आईकडे गंगावन मागितलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कापड काढून हातात दिलं आणि हळदीच्या बायकांत जाऊन बसली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयातल्या खोलीत पार्लरवाली आली होती. आधी वहिनी बसली, वरमाय म्हणून. तिचा अंबाडा बघता बघता चांगला संत्र्याएवढा झाला. मग माझी पाळी. पार्लरवालीने माझे दोन मजली केस पाहून “अय्यो” म्हटलं आणि मी काही बोलायच्या आत सगळे प्रेस करून टाकले. इतक्या महिन्यांनी तो वास आला. मग तिने गंगावन हातात घेतलं आणि माझ्या डोक्याशेजारी धरून पाहिलं.

“मॅडम, हे कुणाचे?” तिने विचारलं. “तुमच्या केसांशी मॅचच होत नाहीत.”

आरशात मी पाहिलं. डावीकडे माझं डोकं, सपाट, सरळ, मेंदीने एकरंगी काळं. उजवीकडे तिच्या हातात माझेच केस, दाट, अंगच्या काळ्या रंगाचे, वळणावर वळण घेतलेले, इतक्या वर्षांनीही पीळ न सोडलेले. ती बरोबर म्हणत होती. कुणालाही वाटलं असतं की या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि त्यांतली देखणी ती जी इथे नाही. मला एकदम रडू आलं. लग्नघरात कुणी रडलं तर बायका समजून घेतात, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

“थांबा, हेही प्रेस करून देते,” पार्लरवाली म्हणाली. “सरळ झाले की कळणार नाही.”

तिने मशीनच्या पट्ट्या उघडल्या आणि गंगावनाची बट त्यांच्यात धरली. मी तिचा हात धरला. धरला म्हणजे जवळजवळ हिसडला. डोक्यावरचे मोडले तर मुळातून अर्धं पेर येतं. या केसांना मूळच नव्हतं. यांच्यातलं जे मोडलं असतं ते मोडलंच असतं. मी इतक्या वर्षांत स्वतःच्या डोक्यासाठी मशीन कधी थांबवलं नव्हतं, आणि एका तोडलेल्या वेणीसाठी भर लग्नात परक्या बाईशी झोंबले.

मग मी उठले, न्हाणीघरात गेले आणि नळाखाली डोकं धरलं. पार्लरवाली बाहेरून “मॅडम, मॅडम, सेटिंग!” असं ओरडत होती. मी बाहेर आले तेव्हा साडीचा पदर भिजलेला आणि केस मुळाशी पुन्हा कुरळे. आई खोलीच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिने पायाशी बोट दाखवलं. मी भरजरी साडीत फरशीवर तिच्यापुढे बसले. तिने फणी मागवली. ओल्या केसांत बोटं घालून भांग पाडला, गंगावन त्यांत गुंफलं, टोकाच्या भाजक्या काड्या आत दाबल्या आणि वेणी घातली. तिच्या हाताला पूर्वीचा जोर नव्हता, पण केस ओढायची सवय तीच होती. डोळ्यांत पाणी आलं ते थोडं त्यामुळेही. वेणीचा अंबाडा झाला. तो तिच्या स्वतःच्या अंबाड्याएवढा होता.

“आन आते फूल,” ती म्हणाली. भावाने डबी आणली.

पहिली पाळी वहिनीची. आईने काटा रोवला. फूल उभं राहिलं, ताठ. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढा तिचा मोठेपणा. आईने बोटाने अंबाडा दाबला. तो दबला आणि परत फुगला. तिने आणखी एकदा दाबला.

“हाई काय वं? मझार गादी भरी शे का?”

आत स्पंजची चकती होती, पार्लरमध्ये घालतात ती. वहिनीच्या माहेरच्या बायकाही हसायला लागल्या. ती लाल झाली, मग स्वतःच हसली. मला तिची दया आली, पण आनंद जास्त झाला.

मग माझ्या अंबाड्यात आईने काटा घातला. मला दिसत नव्हतं.  भाऊ म्हणाला, “उभं राहिलं!” मी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. फूल लवलं नाही. आईने अंबाड्यावरून हात फिरवला, दाबून पाहिला. आत केसच होते. मी वाट पाहत राहिले. आता ती बोलणार होती.

“उभं ऱ्हायनं,” ती म्हणाली. “पन कोना केसमा? त्या कालेजनी पोरना केसमा. ती पोर वनी की तिले देसू.” आणि तिने काटा हळूच उपसून फूल डबीत ठेवलं. “तू तुना केस वाढू दे.”

कॉलेजातली ती पोर आली की तिला देईन, तू तुझे वाढव. एवढं बोलून ती मंगलाष्टकांना निघून गेली. माझा असा संताप झाला की मी भाच्यावर अक्षता टाकल्या त्या जवळजवळ फेकूनच मारल्या. एवढा खटाटोप, भरजरी साडी भिजवली, परक्या बाईशी झोंबले, आणि म्हातारीने निकाल राखून ठेवला. घरी येताना पारोळ्यापर्यंत मी नवऱ्याला आईचे सगळे जुने अन्याय ऐकवले. एरंडोलला चहा घेतला तेव्हा तो म्हणाला, “पण ती म्हणाली ते चूक काय आहे?” तिथून जळगावपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

मशीन मी सासूबाईंना देऊन टाकलं. असोद्याला त्यांच्या स्वयंपाकघरात ते खिळ्याला टांगलेलं असतं आणि पाहुणे आले की त्या त्यावर बिबडे भाजतात. काळी मेंदीही सोडली. आता माझ्या डोक्यावर जे उगवतं ते कुरळं आणि बरंचसं पांढरं. भाजकी टोकं थोडी थोडी कापत आणली. आता मुली विचारत नाहीत की केस कुठे कापता. विचारतात, मॅडम, रंगवत का नाही. वहिनीनेही मशीन ठेवून दिलंय असं कानावर आलं, पण फोनवर ती अजून पाण्यालाच नावं ठेवते.

धुळ्याला गेले की आई मला पायाशी बसवते आणि मानेपासून केसांवर वीत टाकून मोजते. तिची वीत म्हातारपणाने आखडलीय, त्यामुळे माप दर वेळी माझ्या बाजूने जरा जास्तच भरतं. मी ते दुरुस्त करत नाही. मागच्या वेळी तिने मोजलं आणि म्हणाली, अजून एक वीत हवी. एक वीत म्हणजे दीड वर्ष तरी. तेवढं गणित मला येतं, आणि तिचं वयही मला येतं. मी मान खाली घातली. तिला दिसू नये म्हणून घातली, पण पाठीमागे बसलेल्या बाईला मानेवरून सगळं कळतं.

“आई, तोवर...” मी म्हटलं.

तिने माझे केस आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले होते.

“मी थांबसू,” ती म्हणाली. “तू मशीन नको लाऊ.”